वहीत न लिहिलेला धक्का

२०२३ साली मी पंच्याहत्तर वर्षांचा होतो आणि तोपर्यंत जगभरच्या शंभरावर शास्त्रज्ञांनी आपापल्या लेखांत माझा हवाला देऊन झाला होता. त्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. पण त्याने माझा मान कमी होत नाही. आमच्या गल्लीत असे लोक आहेत की त्यांचा हवाला त्यांची बायकोसुद्धा देत नाही.

मी सातवीपर्यंत शिकलो. सातवीची परीक्षा दिली नाही, कारण त्याच दिवशी देवास गेटकडे कुस्त्या होत्या. कुस्ती जिंकलो. परीक्षेचं काही सांगता येत नव्हतं. आमचे पूर्वज दरबारच्या चाकरीत दक्षिणेतून उज्जैनला आले. इथल्या प्रत्येक मराठी घरात पूर्वज सरदारच असतात. आमचे हत्तीखान्यात होते, हत्तींना आंघोळ घालायचे. मी हे कधी लपवलं नाही. हत्तीला आंघोळ घालायला छाती लागते, सरदाराला पगडी असली की पुरे.

मी स्वतः कापडाच्या मिलमध्ये फिटर होतो, मिलला कुलूप लागेपर्यंत. नोकरीने मला पोट दिलं आणि तालमीने दोन गोष्टी दिल्या, एक चुरगळलेला कान आणि एक नाल. नाल म्हणजे जात्याच्या तळीसारखा गोल दगड, मध्ये पकडायला मूठ कोरलेली. ती दोन हातांनी उचलून खांद्यावर घ्यायची आणि तिथून जमिनीवर सोडून द्यायची, इतकंच. माझी एक मणाची आहे. उस्तादांनी स्वतःचे हात चालेनासे झाले तेव्हा ती मला दिली आणि सांगितलं, रोज पहाटे अकरा वेळा, न कमी न जास्ती. एकादशीला आणि सुतकात हात लावायचा नाही. मी विचारलं, एकादशीला का नाही. म्हणाले, उपाशी पोटी दगड उचलशील तर एक दिवस दगड तुला उचलेल. एवढं स्पष्टीकरण मला आजतागायत पुरलं.

आता माझ्या पुतणीचं सांगतो. माझा धाकटा भाऊ शिकला, इंदूरला बँकेत लागला, त्याची ही एकुलती एक मुलगी. लहानपणी सुट्टीत आली की मी नाल सोडायचो आणि ती जमिनीला कान लावून पडायची. मला वाटायचं पोरगी येडी आहे. पुढे ती भूकंपाचा अभ्यास करून डॉक्टर झाली, औषधं न देणारी डॉक्टर. दक्षिणेतल्या एका संस्थेत लागली. नातेवाईक मला विचारायचे की ती भूकंप कधी येणार ते सांगते का. मी तिला विचारलं. म्हणाली, ते कोणालाच सांगता येत नाही काका, आला की कुठून आला ते आम्ही सांगतो. मी म्हटलं, ते तर आम्हालाही कळतं बेटा, खालून.

२०१६ चं सिंहस्थ आटोपलं, साधू आणि पोलीस दोघेही आपापल्या ठिकाणी परतले, जमीन जरा शांत झाली, तेव्हा तिने आमच्या परसात मशीन बसवलं. माझं घर शहराच्या बाहेरच्या अंगाला आहे, मागे मोकळी जागा, त्यात एक रिकामा गोठा, आणि खाली दोन हातांवर काळा दगड. तिला तो दगडच हवा होता. खड्डा खणून त्यात सिमेंटचा चौथरा घातला, त्यावर डब्याएवढं यंत्र, वर झाकण, बाजूला सूर्याच्या उजेडावर चालणारी पाटी. जमीन केसाएवढी हलली तरी ते टिपून ठेवतं. अशी मशीनं तिने माळव्यात तीन ठिकाणी बसवली होती. एक कुठल्या शाळेत, एक जंगलखात्याच्या चौकीत, एक माझ्याकडे.

आणि माझ्या हातात एक वही दिली. तारीख, वेळ आणि काय हललं, असे तीन रकाने. ती म्हणाली, मशीनला भूकंप आणि म्हैस यांतला फरक कळत नाही, तो तुम्ही सांगायचा. तुम्ही लिहिलेलं मी मशीनच्या नोंदीतून काढून टाकेन. मग जे उरेल ते जमिनीचं.

मी आयुष्यात एवढं मन लावून काही लिहिलं नव्हतं. वाळूचा ट्रॅक्टर, दोनदा. हिने मसाला कुटला, अर्धा तास. शेजाऱ्याची म्हैस खुंट्यासकट पळाली. शेजाऱ्याच्या मुलाचं लग्न, डीजे, अडीच तास, गाणी वाईट. पुतणी सगळ्यांना सांगायची की माझ्या काकांच्या वहीसारखी वही कुठल्याच ठिकाणी नाही. शाळेतली वही मुलांनी चित्रं काढून भरली होती आणि चौकीतली वाळवीने खाल्ली होती.

त्या वहीत मी सगळं लिहिलं, स्वतःला सोडून.

त्याचं कारण होतं. मशीन यायच्या एक वर्ष आधी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरने सांगितलं, यापुढे पाण्याने भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. बायकोने तिथेच, पलंगापाशी, स्वतःच्या गळ्याची शपथ घालून मला नाल कायमची बंद करायला लावली. ऑपरेशनला पैसे भावाने दिले होते, पुतणी रजा काढून आली होती, चारचौघांत मला हो म्हणावं लागलं. चार महिने पाळलं. मग नाल ढकलत ढकलत गोठ्याच्या मागे नेली आणि सगळे उठायच्या आधी, तांबडं फुटायच्या सुमारास, अकराचा नेम परत सुरू केला. गोठ्यापासून मशीन तीस पावलांवर.

मला ते वहीत लिहावंसं वाटलं नाही असं नाही. मला ते लिहायचं असतं हेच वाटलं नाही. राम घाटावर आमच्या पंड्याच्या, म्हणजे तीर्थावरच्या भटजीच्या, वहीत आमच्या नऊ पिढ्या आहेत, कोण कधी आला, कोणाचे पिंड पाडले, सगळं. पण त्या पंड्याच्या बापाचं नाव त्या वहीत मला तरी कधी सापडलं नाही. वही ज्याच्या हातात असते तो स्वतःला त्यात लिहीत नाही. धक्के बाहेरचे असतात. मी घरचा माणूस.

२०१८ च्या थंडीत भाऊ गेला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि माझ्या आधी गेला. शिस्त म्हणून नव्हतीच त्याच्यात. दिवस-कार्य उज्जैनलाच करायचं ठरलं, सगळे माझ्याकडे होते. तेरा दिवस घरात पाहुणे, भांडी, रडणं, पत्त्यांचे डाव. ते सगळं मी वहीत लिहिलं. पुतणी नंतर माझ्या बायकोला एक गोष्ट बोलली. तिच्या मशीनवर रोज पहाटे लहान लहान धक्के येतात, तिला ते कशाचे ते शोधायचंय, आणि बाबा गेले त्या तेरा दिवसांत ते एकदाही आले नाहीत. काकू, जमीन तेरा दिवस गप्प होती, असं म्हणाली. हे शास्त्रात लिहिता येत नाही, पण मी मनात ठेवलंय, असंही म्हणाली. बायकोने मला हे सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं, जमिनीला तरी माझ्या भावाची कदर आहे म्हणून. माझ्या डोक्यात ट्यूब पेटली नाही. सातवीचा निकाल तेव्हाही तोच लागला असता.

पुढच्या वर्षी तिचा फोन आला. तिने या पहाटेच्या धक्क्यांवर लेख लिहिला होता आणि छापणाऱ्यांनी तो ज्यांना तपासायला दिला होता त्यांना शंका होती. घरात त्या वेळी कोणी काही करतं का, लेखी द्या, म्हणाली. बायको समोर बसून भाजी निवडत होती. मी वहीच्या पानावर लिहिलं, पहाटे चार ते सहा घरात कोणीही हालचाल करत नाही, आणि खाली सही केली. लफ्फेदार. पान फोटो काढून गेलं. मला वाटलं, पोरगी माझी शपथ तपासते आहे.

लेख छापून आला आणि गाजला. इतका गाजला की तिलाच नवल वाटलं. लॉकडाऊनमध्ये सगळे घरी बसलेले असताना ती मला फोनवर समजावायची की त्यांच्या धंद्यात तुम्ही किती लिहिलंत त्याला फार किंमत नाही, तुमचं लिहिलेलं दुसऱ्या कितीजणांनी आपल्या लेखात दाखवलं त्याला आहे. मी म्हटलं, म्हणजे पंड्याची वही. आपण आपलं नाव हजारदा लिहिलं तरी उपयोग नाही, दुसऱ्याच्या वहीत यायला पाहिजे. ती हसली, म्हणाली, अगदी तेच.

"आणि कोणी आपलं नाव शिव्या घालायला घेतलं तर?" मी विचारलं.

"तरी मोजतात, काका."

"मग बरं आहे. या हिशेबाने माझं पण मोहल्ल्यात फार मोठं नाव आहे."

दुसरा एक आकडाही होता. दहा लेख असे पाहिजेत की प्रत्येकाला निदान दहाजणांनी विचारलं, तर तुमचा आकडा दहा. अकरा लेखांना अकरा-अकराजणांनी, तर अकरा. हे मला लगेच कळलं. एका मैदानात शंभरजणांना चीत केलंत तरी ते एकच मैदान. मी दर रविवारी तिला विचारायचो, कितीवर गेलं, आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवायचो. त्या पहाटेच्या धक्क्यांच्या लेखाने शंभरी गाठली त्या दिवशी फ्रीगंजमध्ये ज्या दुकानावर मी पोहे-जलेबी खातो तिथे सगळ्यांना जलेबी खाऊ घातली. दुकानदाराने विचारलं, दादा, काय झालं, नातू? मी म्हटलं, हवाले झाले, शंभर. त्याला कोर्टाचं काही वाटलं. म्हणाला, सुटलात ना पण?

तर २०२३. प्रोफेसरच्या जागेसाठी तिची मुलाखत होती, सोमवारी. त्याआधी ती दोन दिवसांसाठी उज्जैनला आली, एक म्हणजे मशीनची बॅटरी बदलायला आणि दुसरं म्हणजे काकूच्या हातचं खायला. दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी. जागेसाठी पाच-सहाजण होते, पण सगळे म्हणत होते की तिचीच होणार, कारण त्या एका लेखाएवढं नाव दुसऱ्या कोणाच्या लेखाचं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दारापुढच्या ओटल्यावर चहा घेत होतो. बायको बाजूला बसून साबुदाणा धूत होती. मी पुतणीला म्हटलं, तीन वर्षं मी तुझे आकडे लिहितोय, पण त्या लेखात आहे काय ते मला समजेल असं कधी सांगितलं नाहीस. तिने मुलाखतीची तालीम म्हणून सांगायला घेतलं, आणि फार छान सांगितलं. इथल्या दगडात रोज पहाटे लहान धक्के येतात. उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा, सूर्याच्या मागे मागे. दहा-बारा येतात, एकेक करून, दमल्यासारखे, शेवटचे लांब लांब. बाकीच्या दोन ठिकाणी हे नाही, फक्त इथेच. म्हणजे हा इथल्याच दगडाचा स्वभाव.

मी मान डोलावली. माझ्या परसातला दगड, स्वभाव असणारच.

"पण खरी गंमत पुढे आहे," ती म्हणाली. "पंधरवड्यातून एक दिवस हे धक्के येतच नाहीत. पौर्णिमेच्या चार दिवस आधी एकदा, अमावास्येच्या चार दिवस आधी एकदा. वर्षानुवर्षं, न चुकता. काका, चंद्र जसा समुद्र ओढतो तसा दगडही ओढतो, अगदी थोडा. पण तो रोजच्या नोंदीत इतका साफ दिसतो हे कोणी दाखवलं नव्हतं. म्हणून एवढे हवाले."

बायकोने साबुदाण्यातलं पाणी निथळून टाकलं आणि पातेल्यावर ताट झाकलं. मी त्या पातेल्याकडे बघितलं. आज दशमी होती. उद्या साबुदाणा. पौर्णिमेच्या चार दिवस आधी साबुदाणा, अमावास्येच्या चार दिवस आधी साबुदाणा.

मी चहा खाली ठेवला आणि आत गेलो. पुतणीला वाटलं, म्हाताऱ्याला कळलं नाही.

आत खोलीत मी येरझारा घालत होतो. मनात आधी काय आलं ते खरं सांगतो, लाज वाटली तरी. आधी आली फुशारकी. जपानवाले, चिलीवाले, कुठकुठले लोक, शंभराच्या वर, ते सगळे माझी एकादशी मोजत बसले होते. चंद्राच्या जागी मी होतो. फुशारकी ओसरल्यावर सोमवार आठवला, आणि ती सही आठवली. तपासणाऱ्यांना शंका आलीच होती. ती माझ्या सहीने मिटली होती.

बायको मागून आत आली आणि दार लोटून घेतलं.

"अहो, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मी म्हटलं, काय सांगायचंय. ती म्हणाली, आठ वर्षं पहाटे फळीवरचे डबे वाजतात, मी काय बहिरी आहे. लेखात काय आहे ते तिलाही आजच कळलं होतं, पण साबुदाणा धुणाऱ्या बाईला एकादशी माझ्याआधी सापडली होती. मी म्हटलं, मग आठ वर्षं बोलली का नाहीस, शपथ मोडतोय म्हणून.

"बोलले असते तर तुम्ही नाल आणखी लांब नेली असतीत," ती म्हणाली. "गोठ्यामागे होती तोवर मला पडल्या पडल्या मोजता यायच्या. अकरा झाल्या की कूस बदलायची. दहावर थांबल्या असत्या तर उठून बघायला आले असते. आणि शपथ माझ्या गळ्याची होती. गळा आहे अजून जाग्यावर."

 

तोंडाने सांगणं मला जमेना. दिवेलागणीला मी वही काढली, शेवटच्या पानावर लिहिलं, आणि पुतणीच्या हातात दिली. लिहिलं होतं ते असं. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत, रोज पहाटे. नाल, एक मण, गोठ्यामागे. अकरा वेळा. एकादशी आणि सुतक सोडून. मी स्वतः.

तिने ते उभ्या उभ्या वाचलं. परत वाचलं. मग खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, त्याच्या खाली मी जपून ठेवलेली मागच्या वर्षांची कॅलेंडरं होती तीही काढली, जमिनीवर बसली आणि लॅपटॉप उघडून एकेक एकादशी लावून बघायला लागली. सगळ्या जुळल्या. एका महिन्यात लागोपाठ दोन दिवस धक्के नव्हते, तिथे तिने बोट ठेवलं. म्हणाली, याचं उत्तर मला तीन वर्षं सापडलेलं नाही. मी म्हटलं, त्या खेपेला स्मार्त एक दिवस आणि भागवत दुसऱ्या दिवशी होती. कोणती पाळायची यावर तुझ्या काकूशी भांडण झालं, म्हणून मी दोन्ही पाळल्या.

तिने लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

"काका, मी चंद्रावर सहा पानं लिहिली आहेत."

"चांगलीच लिहिली असशील."

मला वाटलं ती आता हसेल किंवा रडेल. दोन्ही झालं नाही. ती कॅलेंडरची पानं मागे उलटत २०१८ च्या थंडीपर्यंत गेली, आणि थांबली.

"आणि बाबांचे तेरा दिवस?"

"सुतक होतं," मी म्हटलं. "मी नालेला हात लावला नाही."



"म्हणजे थांबलं होतं कोणीतरी," ती म्हणाली, आणि पुढचं कॅलेंडर घेतलं.

मग मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, सोमवारची मुलाखत देऊन ये. जागा मिळू दे, मग सावकाश सांग, मीच पत्र लिहितो सगळ्यांना, हिंदीत लिहितो, जपानवाल्यांना सांगतो की चूक म्हाताऱ्याची आहे. तूच म्हणतेस की शंभरजणांना चीत केलं तरी मैदान एकच. हा एक लेख गेला तर तुझा तो आकडा एकाने कमी होईल, एकानेच. मी हिशेब केलाय.

"हिशेब बरोबर आहे," ती म्हणाली. "आकडा एकाने जाईल. नाव सगळं जाईल. पण आज मला कळलंय, काका. सोमवारी ते मला याच लेखाबद्दल विचारणार. मी काय चंद्राकडे बघत उत्तर देऊ?"

काकू म्हणाली, नको देऊस. मी म्हटलं, तू मध्ये बोलू नकोस. दोघीही माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच मध्ये बोलतोय असं वाटलं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी नाक मुरडायला नको. तिने रविवारी, मुलाखतीच्या आदल्या दिवशी, लेख मागे घेत असल्याचं पत्र छापणाऱ्यांना पाठवलं आणि त्याची प्रत मुलाखत घेणाऱ्यांना दिली. जागा दुसऱ्याला गेली. ती आहे तिथेच आहे, काम करते आहे, आणि ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच सांगते, म्हणून मीही लिहायला मोकळा आहे. आणि त्या लेखाचे हवाले थांबले नाहीत, वाढताहेत. आता लोक तो चूक कशी होते ते दाखवायला देतात. शिव्या घातल्या तरी मोजतात, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. रविवारी अजून विचारतो, कितीवर गेलं. ती सांगते.

पण त्या संध्याकाळी एवढ्यावर भागलं नाही. तिने वही बंद केली आणि म्हणाली की हे नुसतं वहीत लिहून चालणार नाही, मला मशीनवर बघायला पाहिजे. उद्या पहाटे तुम्ही नाल उचला, मी घड्याळ घेऊन उभी राहते.

मी म्हटलं, माझ्या सहीचं पान पुरे आहे, एवढं लिहून दिलंय.

"तुमचा शब्द मी एकदा लेखी घेतला होता, काका. आता मशीनचा घेते."

पन्नास वर्षांत मला असं कोणी तोंडावर बोललेलं नाही. कुस्तीत पाठ टेकल्यावर जसं आभाळ दिसतं तसं झालं. बरोबर बोलली होती, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, उचलतो, परवा उचलतो. ती म्हणाली, परवा मी इथे नाही. मी म्हटलं, उद्या एकादशी आहे.

"म्हणूनच," ती म्हणाली. "परवा उचललीत तर रोजचेच धक्के येतील, त्याने काय कळणार? चंद्र असेल तर उद्या पहाटे जमीन गप्प राहील. तुम्ही असाल तर राहणार नाही."

मी चौदा वर्षांचा असल्यापासून एकादशीला दगडाला हात लावलेला नव्हता. मिल बंद पडली, ऑपरेशन झालं, बायकोची शपथ मोडली, पण हा नियम मोडला नव्हता. मी ठाम नाही म्हणालो. जेवतानाही नाही म्हणालो. बायकोने मला भाकरी वाढली आणि म्हणाली, पोटभर जेवा, उपास उद्या सूर्य उगवल्यावर धरा, देवाशी मी बोलते. मी म्हटलं, देवाचं नाही, उस्तादांचं आहे. ती म्हणाली, मग उस्तादांशी तुम्ही बोला, तुमची भाषा त्यांना कळते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आंघोळ केली, लंगोट कसला आणि उस्तादांच्या फोटोसमोर उभा राहून म्हटलं की आज चूक होणार आहे, पोरीसाठी आहे, दगडाला मला उचलायचं असेल तर उचलू द्या. गोठ्यामागे गेलो. पुतणी खड्ड्याच्या कडेला मोबाइलच्या उजेडात वही धरून उभी होती. बायको ओटल्यावर शाल घेऊन बसली होती, आज पडून मोजायचं कारण नव्हतं. मी नाल खांद्यावर घेतली आणि सोडली. पुतणीने वेळ लिहिली. पाच झाल्यावर तिने हात वर केला, काका, बस, एवढ्यावर कळतं. मी म्हटलं, अर्धं सोडायची आमच्यात पद्धत नाही. अकरा केल्या. शेवटच्या दोन लांब लांब झाल्या, दमल्यासारख्या, लेखात लिहिलं होतं तशाच. मग मी तिच्या हातून वही घेतली, तिसऱ्या रकान्यात म्हशीच्या आणि ट्रॅक्टरच्या खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आणि या वेळी सही साधी केली.